मोबाइलवरचा मजकूर, वहीतला सारांश

मुले दिवसभर पडद्यावर काही ना काही वाचत असतात, पण ‘वाचलेले चार ओळींत सांग’ म्हटले की अडखळतात. ज्या ऑनलाइन जगात ती रमतात, त्याच जगावरचे उतारे हाती देऊन त्यांना शब्द आणि सारांश दोन्ही कसे शिकवता येतील?

‘खालील उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश तुमच्या शब्दांत लिहा.’ मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही हे वाक्य नवे नाही. त्याचे उत्तर लिहिण्याची ठरलेली युक्तीही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पहिले वाक्य जसेच्या तसे उतरवायचे, मधले एखादे उचलायचे, शेवटचे जोडायचे आणि शब्द मोजून मोकळे व्हायचे. ‘तुमच्या शब्दांत’ ही अट मात्र तशीच राहून जाते, कारण मुलाजवळ त्या विषयाचे स्वतःचे शब्दच नसतात.

हेच मूल संध्याकाळी घरी आले की मोबाइल हातात घेते. मित्रांचे निरोप, खेळाच्या सूचना, जाहिराती, बातम्यांचे मथळे असे कितीतरी वाचून काढते. वाचन कमी झाले, अशी तक्रार आपण करतो. खरे तर डोळ्यांखालून जाणारी अक्षरे कमी झालेली नाहीत. कमी झाले आहे ते थांबून अर्थ लावणे.

‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीत याचे चित्र दिसते. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलामुलींनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांच्यापैकी ७६ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता. अभ्यासासाठी वापरणारे ५७ टक्के होते. त्याआधीच्या, २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या सुमारे २५ टक्के मुलांना स्वतःच्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही अस्खलित वाचता येत नव्हता. म्हणजे फोन हातात आला, पण त्यावरचे वाचून समजून घेण्याची तयारी सर्वांच्या हातात आलेली नाही.

परीक्षेतल्या गुणांपुढचा प्रश्न

सारांश म्हणजे परीक्षेतले चार गुण, असे समजून आपण तो विषय सोडून देतो. पण आजच्या काळात सारांश न येण्याची किंमत फार मोठी असू शकते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले होते आणि पोटासाठी गावोगाव फिरत होते. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरत होत्या. त्याच वर्षी देशात फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात पाकिस्तानातल्या कराची शहरात जनजागृतीसाठी तयार केलेली होती. मूळ फिल्ममध्ये मोटारसायकलवरून आलेले दोघे एक मूल उचलून नेतात, मग ते परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. भारतात फिरलेल्या चित्रफितीत हा शेवटच कापून टाकलेला होता.

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या निरोपांवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पाठवण्याची मर्यादा घातली. यंत्राला जे करता येण्यासारखे होते, ते यंत्राने केले. पण निरोप वाचणाऱ्याच्या मनात जी मर्यादा हवी, ती शाळेत आणि घरातच घालावी लागते.

अशा एखाद्या अफवेचा सारांश मुलांना करायला सांगून पाहावे. कोण म्हणतो? काय झाले म्हणतो? कुठे आणि कधी? पुरावा काय? वाचणाऱ्याने काय करावे अशी त्याची अपेक्षा आहे? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे लिहायला गेले की वहीत ‘कोणीतरी’, ‘कुठेतरी’, ‘कधीतरी’ आणि ‘काही नाही’ एवढेच उरते. पाचव्याचे उत्तर मात्र ठळक असते: ‘लगेच सर्वांना पाठवा’. एवढा सारांश समोर आला की निरोप पुढे ढकलणारे बोट आपोआप थबकते.

गोष्ट ओळखीची, शब्द अनोळखी

मग प्रश्न उरतो तो उतारा कोणता द्यायचा हा. समजा, मुलांना धरणाच्या बांधकामावरचा किंवा मोगल काळातल्या महसूल पद्धतीवरचा उतारा दिला, तर त्यांना दोन ओझी एकदम उचलावी लागतात. विषय नवा आणि शब्दही नवे. उलट ऑनलाइन खेळ, टोपणनाव घेऊन दिलेला त्रास, फसवे निरोप, पसंतीच्या आकड्यांचा हव्यास, रात्री उशिरापर्यंतचे जागरण हे विषय मुलांच्या रोजच्या अनुभवाचे. त्यात काय घडते हे त्यांना ठाऊकच असते. नसतात ते त्याविषयी नीट बोलण्याचे शब्द. एक ओझे कमी झाले की दुसरे उचलणे सोपे जाते.

शब्द शिकवताना कोणते निवडायचे, याचे एक उपयुक्त वर्गीकरण अमेरिकेतल्या इसाबेल बेक आणि मार्गारेट मॅकिओन यांनी मांडले आहे. त्यांच्या मते शब्दांचे तीन थर असतात. पहिल्या थरात घर, पाणी, धावणे असे रोजचे शब्द येतात. ते मूल ऐकून ऐकूनच शिकते. तिसऱ्या थरात एकेका विषयाचे पारिभाषिक शब्द येतात. मधल्या थरातले शब्द कोणत्याही विषयाच्या पुस्तकात भेटतात, पण बोलण्यात फारसे येत नाहीत. शिकवण्यावर भर द्यायचा तो या मधल्या थरावर.

ऑनलाइन जगावरचे उतारे घेतले की हे वर्गीकरण लख्ख दिसते. रील, स्टोरी, हॅशटॅग, पासवर्ड हे शब्द मुलांना शिकवावे लागत नाहीत. उलट तीच मोठ्यांना शिकवतात. अडते ते संमती, दावा, पडताळणी, गोपनीयता, प्रलोभन, परिणाम, उत्तरदायित्व अशा शब्दांशी. हे शब्द एकदा आपले झाले की ते नागरिकशास्त्रात, विज्ञानात, वर्तमानपत्राच्या अग्रलेखातही उपयोगी पडतात.

उताऱ्यात अनोळखी शब्द किती असावेत यालाही मर्यादा हवी. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांना मदतीशिवाय मजकूर समजण्यासाठी त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, असे आढळले. वर्गात शिक्षक आणि घरी पालक मदतीला असतात, म्हणून थोडे अधिक चालतील. तरी दीडशे-दोनशे शब्दांच्या उताऱ्यात पाच-सहा नवे शब्द पुरेत.

शब्द असा शिकवावा

शब्दार्थांची यादी फळ्यावर लिहून ती पाठ करून घेणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत निरुपयोगी पद्धत. त्याऐवजी आधी संपूर्ण उतारा वाचू द्यावा. नव्या शब्दाखाली रेघ मारून त्याचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून ताडायला सांगावा. चुकला तरी हरकत नाही. त्यानंतर शब्दकोश उघडावा. मग त्या शब्दाचे एक उदाहरण आणि जे त्याचे उदाहरण होऊ शकत नाही असेही एक, मुलांकडूनच काढून घ्यावे.

‘संमती’ हाच शब्द घ्या. मैत्रिणीने ‘माझा फोटो टाक’ असे आपणहून सांगितले, तर ती संमती. ती गप्प बसली, तर ती संमती होते का? सगळ्यांसमोर आग्रह केल्यामुळे ती ‘बरं’ म्हणाली, तर? अशा दोन-तीन प्रश्नांनी वर्गात जी चर्चा होते, ती शब्दकोशातल्या एका ओळीने होत नाही. ‘माहिती’, ‘मत’, ‘दावा’ आणि ‘पुरावा’ ही चौकडीही अशीच एकत्र शिकवावी. ‘या पावडरीने पंधरा दिवसांत उंची वाढते’ हे वाक्य चौघांपैकी कशात बसते, हे ठरवताना मुले जाहिरात पहिल्यांदाच नीट वाचतात.

शब्दांच्या जन्मकथा सांगितल्या तर ते लक्षात राहतात आणि गंमतही येते. ‘संकेतस्थळ’ म्हणजे पूर्वी प्रेमिकांनी गुपचूप भेटण्यासाठी ठरवलेली जागा. आता त्याच शब्दाने बँकेची आणि रेल्वेची पाने उघडतात. ‘अल्गोरिदम’ हा शब्द नवव्या शतकातले गणितज्ञ अल्‌-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला, आणि त्यांच्या ज्या ग्रंथामुळे हे नाव युरोपात पोहोचले तो भारतीय अंकपद्धतीवरचा होता. ‘व्हायरल’मध्ये विषाणू दडलेला आहे, तर ‘फिशिंग’ला मासे पकडण्याचा गळ आठवतो.

ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०२४ साठी ‘ब्रेन रॉट’ आणि २०२५ साठी ‘रेज बेट’ हे वर्षाचे शब्द म्हणून निवडले. पहिला निकस मजकूर सतत पाहून मनाला येणाऱ्या मरगळीसाठी, दुसरा वाचणाऱ्याला मुद्दाम संताप यावा म्हणून टाकलेल्या मजकुरासाठी. यांना मराठीत काय म्हणता येईल, असा प्रश्न आठवी-नववीच्या मुलांना टाकून पाहावा. उत्तरे नेहमीच कोशात घालण्याजोगी नसतील, पण शब्द घडवायला बसले की अर्थ पक्का समजून घ्यावाच लागतो.

सारांश म्हणजे कापाकापी नव्हे

मूळ चित्रफितीचा शेवट कापणारानेही ती लहान केलीच होती. म्हणून लहान करणे आणि सारांश करणे यांतला फरक मुलांना आधी समजावा. सारांश आकाराने लहान असतो, पण मूळ मजकुराचा अर्थ त्यात बदलत नाही.

ॲन ब्राऊन आणि जीन डे या संशोधिकांनी १९८३ मध्ये सारांशाच्या काही साध्या पायऱ्या अभ्यासल्या. बिनमहत्त्वाचे गाळणे, पुन्हा आलेले गाळणे, सुट्या गोष्टींना एका व्यापक शब्दात बांधणे, मुख्य वाक्य निवडणे आणि तसे वाक्य उताऱ्यात नसेल तर ते स्वतः रचणे. गाळण्याचे काम लहान मुलांनाही जमते. न लिहिलेले मुख्य वाक्य रचणे सर्वांत अवघड जाते, असे त्यांना दिसून आले. या पायऱ्या एका छोट्या उताऱ्यावर कशा चढायच्या ते पाहू.

‘सुट्टीत अनेक मुले नवे खेळ मोबाइलवर उतरवून घेतात. खेळ फुकट असतो. मात्र सुरू करण्यापूर्वी तो फोनमधले संपर्क, छायाचित्रे, ठिकाण आणि मायक्रोफोन वापरण्याची परवानगी मागतो. पत्त्यांचा खेळ असो, मोटारींची शर्यत असो किंवा शब्दकोडे असो, प्रश्न तोच असतो. घाईत असलेली मुले न वाचताच ‘परवानगी द्या’ दाबतात. खेळायला यातले बहुतेक काही लागत नाही. ही माहिती जाहिराती दाखवण्यासाठी वापरता येते. परवानगी नाकारली तरी पुष्कळ खेळ व्यवस्थित चालतात. दिलेली परवानगी नंतर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन काढूनही घेता येते.’

हा उतारा ७२ शब्दांचा आहे. म्हणजे सारांश साधारण २४ शब्दांत बसायला हवा. सुट्टी, पत्ते, मोटारी आणि शब्दकोडे हे तपशील गाळले तरी अर्थाला धक्का लागत नाही. संपर्क, छायाचित्रे, ठिकाण आणि मायक्रोफोन या चार गोष्टींना ‘खासगी माहिती’ या दोन शब्दांत बांधता येते. ‘न वाचताच’ यासाठी ‘नकळत’ हा एक शब्द पुरतो. आणि उताऱ्यात कुठेही न लिहिलेले, पण सगळीकडे भरून राहिलेले मुख्य वाक्य असे की हे खेळ खरे फुकट नसतात. आता सारांश तयार होतो:

‘फुकट वाटणाऱ्या खेळांची किंमत मुले नकळत खासगी माहितीने मोजतात. ती जाहिरातींसाठी वापरता येते. परवानगी नाकारली तरी बरेच खेळ चालतात. दिलेली परवानगीही मागे घेता येते.’

नेमके २४ शब्द. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘खासगी’ आणि ‘नकळत’ हे शब्द ज्याला येतात, त्यालाच हा सारांश करता येतो. ज्याला ते येत नाहीत, त्याला चारही वस्तूंची नावे पुन्हा लिहावी लागतील आणि त्याची मर्यादा तिथेच संपेल. म्हणून शब्दसंग्रह एका तासाला आणि सारांश दुसऱ्या तासाला, अशी वाटणी करू नये. एकाच उताऱ्यावर, एकाच बैठकीत दोन्ही शिकवावेत.

आणखी एक. एखाद्या मुलाने शेवटी ‘म्हणून मुलांनी मोबाइलवर खेळू नये’ असे जोडले, तर आईवडिलांना ते वाक्य फार आवडेल. पण उताऱ्यात ते नाही, म्हणून सारांशातही नको. लेखक काय म्हणतो आणि आपल्याला काय वाटते, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकणे हा सारांशाचा मोठा लाभ आहे. ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देण्याचा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. हा विषय वर्गात वादासाठी उत्तम आहे. मात्र बोलण्यापूर्वी प्रत्येकाने विरुद्ध बाजूचे म्हणणे दोन वाक्यांत सांगावे आणि समोरच्याने ‘हो, मला हेच म्हणायचे आहे’ असे मान्य करावे, एवढी अट घालावी.

घरी काय करता येईल?

यासाठी मुलाच्या हातात आणखी एक पडदा देण्याची गरज नाही. वर्तमानपत्रातली सायबर फसवणुकीची किंवा नव्या ॲपची बातमी कापून घ्यावी. पेन्सिल घेऊन कागदावर वाचले की रेघ मारता येते, खोडता येते आणि मध्येच दुसरा निरोपही येत नाही. आठवड्यातून एक बातमी, पाच शब्द आणि एक सारांश पुरे. मागच्या आठवड्यातले शब्द या आठवड्यात एकदा तरी वाक्यात यावेत, एवढे पाहावे.

इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर अशा ठिकाणच्या मराठी घरांत तर एक वेगळीच सोय आहे. तिथली मुले शाळेत इंग्रजी किंवा हिंदी वाचतात आणि घरी मराठी बोलतात. त्यांना बातमी इंग्रजीत वाचू द्यावी आणि सारांश आजीला मराठीत सांगायला लावावा. भाषा बदलली की वाक्ये जशीच्या तशी उचलताच येत नाहीत. समजले असेल तेवढेच सांगता येते, आणि ‘व्हेरिफिकेशन’ला काय म्हणायचे म्हणून मूल अडले की ‘अरे, पडताळणी म्हण की’ असे आजीच सांगते.

आजीलाही यातून मिळण्यासारखे पुष्कळ आहे. ‘तुमच्या नावाने आलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, कोणाला सांगू नका, पैसे भरा,’ असे दूरध्वनी करून अनेक ज्येष्ठांची आयुष्यभराची पुंजी लुटली गेली. आपल्या कायद्यात डिजिटल अटक असा प्रकारच नाही. नातवाने अशा संभाषणाची बातमी घेऊन त्याचा सारांश ‘भीती, घाई, गुप्तता आणि पैसे’ असा चार शब्दांत करून दाखवला, तर तो आजीच्या पक्का लक्षात राहील. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवायचे, हेही त्याच वहीत लिहून ठेवावे.

यंत्र सारांश करते, मग?

आता यंत्रालाच सांगितले की ते क्षणात सारांश करून देते. मग मुलांनी कशाला शिकायचे, असा प्रश्न काही पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण यंत्राने केलेल्या सारांशात महत्त्वाचे सुटू शकते, नसलेले घुसू शकते. ते ओळखायला स्वतःला सारांश यावा लागतो. वर्गात यंत्राचा सारांश आणि मूळ उतारा शेजारी ठेवून काय सुटले, काय वाढले हे शोधायला दिले, तर तोही एक चांगला पाठ होतो. मात्र आधी स्वतःचा सारांश लिहून झालेला असावा.

आणि काही मजकूर असे असतात, जे दुसऱ्यावर सोपवून चालत नाहीत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी आपल्याकडे २०२३ मध्ये कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमती मागणारा मजकूर स्पष्ट आणि सोप्या भाषेत असावा आणि तो इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असावी, असे हा कायदा सांगतो. त्या भाषांमध्ये मराठी आहेच. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती घ्यावी, असेही त्यात आहे.

म्हणजे आज आईवडील मुलासाठी होकार देतील आणि अठराव्या वाढदिवसानंतर तो होकार त्याचा त्याला द्यावा लागेल. समोर मराठीतला मजकूर असेल, खाली ‘सहमत आहे’ असे बटण असेल. वरच्या वीस ओळी काय मागत आहेत, हे त्याला स्वतःच्या दोन वाक्यांत सांगता आले, तरच त्या होकाराला संमती म्हणता येईल.